कूलरमध्ये पडलेलं जबलपूर

चैत्र लागला की नागपुरात माणसं दोनच प्रकारची उरतात. कूलर लावून झालेली आणि कूलर लावायचा राहिलेली. दुसऱ्या प्रकारची माणसं पहिल्या प्रकारच्या माणसांच्या खिडक्यांकडे बघत रस्त्यानं जातात आणि घरी येऊन भांडतात. माझ्या घरी भांडायला कोणी नाही, म्हणून माझा कूलर यंदा उशिराच लागला. मिस्त्री येऊन वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून गेला. मी टाकी भरायला बादली घेऊन वाकले, आणि गाऊनच्या खिशातला मोबाइल अगदी कोणी हलक्या हातानं ठेवावा तसा पाण्यात जाऊन बसला.

"अवं माय!" मी ओरडले. ऐकायला भिंती होत्या.

वरच्या मजल्यावरची मुलगी तेवढी धावून आली. तिनं फोन पुसला, बंद केला आणि डॉक्टरीणबाईच्या थाटात सांगितलं, "मावशी, तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवा. उघडून उघडून बघू नका. आणि काही झालं तरी उन्हात ठेवू नका हं."

उन्हात ठेवू नका! मला एकदम हसूच फुटलं. ती बिचारी बघत राहिली. तिला काय सांगणार, की बाई गं, आमच्या घराण्यात हे ज्ञान फार महागात पडून आलेलं आहे.

ती गेली. मी डब्याचं झाकण लावलं आणि मग लक्षात आलं की आता घरात आवाज म्हणून कूलरचाच. मुलगा इंग्लंडात. तो फोन करतो, नाही असं नाही, पण त्याच्या सवडीनं. माझी गंमत वेगळीच आहे. मी रोज सकाळी उठून फोनमध्ये त्याच्या गावचं हवामान बघते. किती थंडी, पाऊस आहे का, वारा किती. तो मला चिडवतो. म्हणतो, "आई, माझ्या गावचं हवामान माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठाऊक. काय बघतेस त्यात?" मी म्हणते, असंच. आता फोन तांदळात, आणि तिकडे काय चाललंय याचा मला पत्ता नाही. कूलर सुरू केला. वाळ्याचा पहिला ओला वास खोलीभर पसरला, आणि मी कुठल्या कुठे जाऊन पडले.

सत्तरीचं दशक संपत आलेलं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. खाली घरमालकीण सुमनकाकू. बाबा जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. गावाची शीव, नाला, विहीर, आंब्याचं झाड, सगळं पेन्सिलीच्या बारीक रेघेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल असे आणि तोंडात कायम मौन. आई त्या हिवाळ्यात गेली, संक्रांतीच्या जरा आधी. ती होती तेव्हाही बाबा फार बोलत नव्हते, पण तेव्हा ते जाणवत नव्हतं, कारण आई दोघांचं बोलून घ्यायची. ती गेल्यावर कळलं की आपल्या घरात एकच माणूस बोलत होतं. "चहा." "दार लाव." "झालं माझं." एवढ्यावर दिवस निघायचा. मी वीस वर्षांची, कॉलेज संपलेली आणि लग्न ठरलेली. उन्हाळा संपता संपता मी जळगावला जाणार होते, केळीच्या व्यापाऱ्यांच्या घरी. म्हणजे बाबांना "चहा" म्हणायलाही कोणी राहणार नव्हतं.

राहणार होता तो एक ट्रान्झिस्टर.

तो आईचा. तिच्या भावानं तिला जबलपूरहून आणून दिलेला, तपकिरी चामडी कव्हरातला. आई जबलपूरची; तिचे वडील, माझे नाना, तिथलेच. तिचं मराठी निम्मं हिंदी होतं आणि रागावली की पूर्ण हिंदी व्हायचं. संध्याकाळ उतरली की लांबची केंद्रं लागायला लागतात, तेव्हा आई उत्तरेच्या खिडकीशी फरशीवर बसायची, मांडीवर निवडायला लसूण नाहीतर गहू घातलेलं सूप, आणि कान ट्रान्झिस्टरला. बारीक हातानं चकती फिरवत फिरवत ती जबलपूर लावायची. खरखर, शिट्ट्या, मध्येच कुठलं तरी भलतंच गाणं, आणि मग त्या सगळ्याच्या तळातून एक रुक्ष आवाज वर यायचा. चना. गेहूँ. मसूर. तिवडा. धान्याच्या मंडीचे भाव. आवाज असा, की वाचणाऱ्या माणसाला जगातल्या कशाचंच सुखदुःख नसावं. आई मात्र निवडणं थांबवून ऐकायची. मी काही बोलायला गेले की हात वर करायची. "चुप बस बेबी, जरा चना ऐकू दे."

तेव्हा बाबा कुठे असायचे? तिथेच, आरामखुर्चीत, वर्तमानपत्राच्या मागे. एका खोलीत दोघं जण, आणि मध्ये जबलपूर.

आई गेल्यावर तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीतून आले, पाय धुतले, आणि आरामखुर्चीकडे न जाता सरळ खिडकीशी गेले. कट्. ट्रान्झिस्टर लागला. सुई आईनं ठेवली होती तिथेच होती. खरखर, शिट्टी, आणि चना. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी. बाबा मागे हात बांधून, वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे ताठ उभं राहून भाव ऐकत होते. मसुरापर्यंत ऐकले. बंद केलं. "वाढ," म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला बाबांच्या. आम्हाला जबलपूरच्या मसुराशी काय देणंघेणं? घरात डाळ यायची ती किराणा दुकानातून पुडीत बांधून. पण विचारायची माझी छाती नव्हती. एवढंच दिसायचं की स्टेशन बदलायच्या चकतीला ते बोटसुद्धा लावत नाहीत. चालू करायची कळ आणि बंद करायची कळ, बस्स. एकदा झाडताना मी ट्रान्झिस्टर जरासा वाकडा ठेवला तर त्या संध्याकाळी नुसतीच खरखर आली. बाबांनी तो इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आवाज आला तिथे धरला, आणि खिशातली पेन्सिल काढून खिडकीच्या ओट्यावर त्याच्या कडेनं एक रेघ मारली. नकाशातली शीव असावी तशी सरळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथंच ठेवत जाय."

आई गेल्यानंतरचं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

आणि मग तो कूलर आला. काय सांगू, त्या कूलरचा मला केवढा राग होता! आईनं किती उन्हाळे म्हणून मागितला असेल. ती होती तोवर आमच्याकडे दाराला वाळ्याचा पडदा, आणि त्यावर दुपारभर लोट्यानं पाणी मारायची आई. पाठीवर घामोळं, पदर कमरेला खोचलेला, "अजी, आता लोकांकडे कूलर आले," असं दर वर्षी एकदा म्हणायची. बाबा दर वर्षी एकदा म्हणायचे, "पाहू." आणि आता लग्नाला पाहुणे येतील, भर उन्हाळ्यातलं लग्न, म्हणून तो आला. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, कपाटाएवढा. बसला उत्तरेच्याच खिडकीत, आईच्या जागेवर. ओट्यावरची रेघ त्याच्या खाली गेली. बाबांनी ट्रान्झिस्टर कूलरच्या पत्र्यावर ठेवला, आवाज नीट येईस्तोवर फिरवला, आणि पत्र्यावर नवी रेघ मारली.

आता कूलर म्हणजे थरथरणारी वस्तू. आमचा तर मोटर लागली की अंगात आल्यासारखा हलायचा. त्या थरथरीनं ट्रान्झिस्टर रोज बोटभर सरकायचा. बाबा रोज संध्याकाळी त्याला पुन्हा रेघेवर आणायचे. कूलर थांबवून ट्रान्झिस्टर खाली काढून ठेवावा, हे एवढं साधं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. रेघ आहे ना, मग तो रेघेवरच राहणार, असा बाबांचा रेघेवर विश्वास.

एका संध्याकाळी बाबांनी टाकी भरायला बाजूची ताटी काढली, आणि वरून ट्रान्झिस्टर सुटला तो थेट आत. डुबुक्. एवढाच आवाज.

बाबांनी शर्टाच्या बाहीसकट कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. वाळ्याच्या काड्या लागलेला ट्रान्झिस्टर वर आला. न्हाऊ घातलेल्या लेकराच्या कानातलं पाणी काढावं तसा त्यांनी तो या कुशीवर, त्या कुशीवर कलता केला. जाळीतून पाणी वाहत राहिलं. त्यांनी कळ फिरवली. कट्. काही नाही. पुन्हा कट्. मी बाबांचा चेहरा आईच्या वेळीही बघितला होता. तेव्हा तो दगडासारखा होता. आत्ता तो तसा नव्हता, आणि मला तिथे उभं राहवेना.

आवाज ऐकून काकू वर आल्या. काकूंना प्रत्येक गोष्टीवर इलाज ठाऊक.

"अरे बापा, एवढं काय घाबरून राहिले भाऊजी? उद्या ठेवा गच्चीवर. नागपूरचं ऊन आहे ते! माणूस वाळून जाते त्यात, हे एवढंसं डबडं काय चीज आहे?"

"मशीन आहे ना वं वहिनी ते," बाबा म्हणाले.

"मंग? मशीनले काय वेगळं पाणी लागते का? माझ्या कुरड्यांच्या बाजूले ठेवा. बेबी बसतेच राखण करत."

इथल्या माणसाचं उन्हाशी असं नातं आहे. शिव्या त्यालाच द्यायच्या आणि भरवसाही त्याच्यावरच टाकायचा. कुरड्या, मूगवड्या, पापड, मिरच्या, गाद्या, सगळ्यांचं भलं ऊनच करणार. बाबांनाही ते पटलं. सकाळी कचेरीत जाण्याआधी त्यांनी ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडलं, सेल काढले आणि आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर तो पालथा ठेवला. मी जिन्याच्या छपरीत काठी घेऊन बसले, कावळे हाकायला. दहा वाजून गेले तशी गल्ली सामसूम झाली. अशा उन्हात नागपूर म्हणजे रिकामं केलेलं गाव. लांबून लोहाराची ठकठक येत होती, तीही बंद पडली. गच्चीचा तळ असा तापला की हवा हलताना दिसायला लागली. कावळेसुद्धा फिरकले नाहीत. मला काठी धरून धरून डुलकी लागली, आणि जाग आली ती काकूंच्या आवाजानं.

"अवं माय माय! बेबे, अवं ऊठ! रेडिओची कुरडई होऊन राहिली ना वं!"

खरंच झाली होती. कोपरे वितळून बसके झालेले, सुईवरची काच वाकून सुईला चिकटलेली, आतून कसलंसं मेण ओघळून लुगड्याच्या तुकड्यावर सांडलेलं. काकूंनी उचलायला हात लावला आणि चटका बसून सोडला. पाणी मात्र खडखडीत वाळलं होतं, हे खरं.

बाबा संध्याकाळी आले. काकू जिन्यातच उभ्या, पदर तोंडाला. "माझ्याच तोंडाले कीड पडो भाऊजी, मीच म्हणलं," असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. बाबांनी त्यांची समजूत घातली. म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, तुम्ही काय मुद्दाम केलं का?" मग गच्चीवर गेले आणि अंधार पडेस्तोवर तिथेच बसून राहिले. आई गेली तेव्हा आल्यागेल्याशी बोलणारा, लाकडं, भटजी, सगळं बघणारा माणूस होता तो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा दिसलं की माझा बाप एकटा पडलेला आहे. आणि जे कळलं त्यावर करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं, फक्त जाणं होतं.

बर्डीत तेव्हा लेखूमल म्हणून एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. राहायचा जरीपटक्याच्या सिंधी वस्तीत, दुकान इकडे. दुकान म्हणजे एक फळी आणि फळीवर पोट फाडलेले रेडिओ. बोलायला भारी. बाबा आणि मी गेलो तर ट्रान्झिस्टर हातात घेऊन म्हणाला, "क्या साहब, याला भज्यासारखं तळलं का?"

बाबा हसले नाहीत. "दुरुस्त होईल का?"

"हो जाएगा. एकदम नवा करून देतो. फिकर नको."

"फक्त त्याची सुई हलवू नका," बाबा म्हणाले.

लेखूमलनं आधी ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, मग बाबांकडे. "साहब, सुईचा दोरा जळून गेला, काच वाकडी झाली. सुई हलवू नको म्हणजे मी काय, फुंकर मारून दुरुस्त करू?"

"आहे तिथंच राहिली पाहिजे."

"कोणतं स्टेशन आहे तिथे?"

बाबा घुटमळले. चोरी पकडली जावी तसे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "जबलपूर."

"अच्छा! जबलपूरला कोणी आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "आता नाही."

लेखूमलचं बोलणं जरा खाली आलं. "लावून देतो साहब. आमचे पिताजीही रोज कराची लावत होते. आम्ही म्हणायचो, आता तिथे आपलं काय आहे. ऐकत नव्हते." आणि मग लगेच पुन्हा दुकानदार झाला, "बुधवारला या."

बुधवारी गेलो तर ट्रान्झिस्टर असा गात होता की चौकापर्यंत ऐकू यावं. नवी काच, नवा दोरा, पाठीला कुठल्या तरी दुसऱ्या रेडिओचं लाल झाकण. सुई अगदी जुन्याच जागी. फक्त त्या जागी आता जबलपूर नव्हतं, नागपूर होतं, आणि त्यावर शेतकरी मंडळी खताबद्दल बोलत होती. आतलं मेण वितळून सगळं इकडचं तिकडे झालेलं. लेखूमलनं त्याच्या परीनं ते बसवलं होतं आणि त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. "पहा साहब, कसा साफ आवाज! खरखर नाही बिलकूल!" बाबांनी मान हलवली आणि ट्रान्झिस्टर छातीशी धरून घरी आणला.

मग सुरू झाली ती शोधाशोध. आता बाबांना चकतीला हात लावणं भाग होतं. ज्या हाताला केसाएवढी रेघ मारता यायची त्या हाताला ती चकती काही जमेना. थोडी फिरवली की सुई अर्धी पट्टी ओलांडून जायची. शिट्ट्या, बंगाली, बातम्या, पुन्हा नागपूर. मी पोळ्या लाटत ऐकायची. लग्न जवळ येत होतं. दिवसा काकू आणि मावश्या सुपाऱ्या मोजत, गाणी म्हणत, घर नुसतं भरलेलं, आणि संध्याकाळी त्या आपापल्या घरी गेल्या की कूलरच्या घरघरीत तो एकटा माणूस चकती फिरवत बसलेला. काही वेळानं कट्. "वाढ." मला सासरची भीती वाटेनाशी झाली होती. मी गेल्यावर या "वाढ"चं काय होणार, याची वाटायची.

शेवटी मीच एका संध्याकाळी म्हटलं, "बाबा, गच्चीवर नेऊन पाहू या ना. इथे कूलरची खरखर येते."

गच्चीवर आम्ही नुकतंच पाणी मारलं होतं. तापलेल्या फरशीतून वाफ आणि मातीचा वास निघत होता. मी ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला. आईच्या शेजारी बसून लहानपणापासून ऐकलं होतं, माझ्या कानाला ती वाट ठाऊक होती. आधी एक बारीक शिट्टी येते, मग कोणीतरी तांदूळ धूत असल्यासारखा आवाज येतो, आणि तिथे हात उचलायचा, पुढे जायचं नाही. ट्रान्झिस्टर थोडा तिरपा केला, आणखी थोडा. लाल झाकण जवळपास पूर्वेकडे गेलं तेव्हा तळातून तो रुक्ष आवाज वर आला. चना.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून बसले होते ते पुढे वाकले. आम्ही दोघांनी सगळे भाव ऐकले. गहू, मसूर, तिवडा. त्या दिवशी चना चढला होता. आवाज संपला, शहनाई लागली, आणि बाबा बोलले.

"बेबी, हे ती काहून ऐकत होती वं?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"मी कधी विचारलंच नाही. रोज ऐकून राहिलो, म्हटलं आज तरी समजीन. मले तर काही समजत नाही त्याच्यात." ते पेन्सिल काढून बोटांत फिरवत होते. "मले वाटे, तिले इथं करमत नाही. आपलं घर आवडलं नाही तिले. म्हणून रोज जबलपूर लावून बसते. इतकी वर्षं मी हेच समजून राहिलो."

इतकी वर्षं! वर्तमानपत्राच्या मागे बसून हा माणूस रोज संध्याकाळी हे ऐकत होता, की आपली बायको आपल्या घरात नाही.

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "नाना मंडीत अडत्या होते ना. चन्याचा भाव पडला की नाना जेवत नसत. ताटावरून उठून जायचे. आईला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती रोज भाव ऐकायची. नाना आज जेवले की नाही, ते तिला कळायचं. बस्स, एवढंच होतं ते."

"पण नाना जाऊन किती वर्षं झाली."

"मीही तेच म्हटलं होतं तिला. तर म्हणाली, कानाला कोण समजावणार बेबी, तो जातो तिकडेच."

बाबांनी धोतराच्या टोकानं मान पुसली, मग चेहरा पुसला, आणि पुसतच राहिले. खालून काकूंच्या घरातून फोडणीचा वास आला. कोणाच्या तरी खाटा गच्चीवर चढायला लागल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, "चढला ना आज चना?"

"हव."

"चाल मग. तूही ताट घे माझ्यासंगं."

आई गेल्यापासून आम्ही एकत्र जेवलो नव्हतो. मी त्यांना वाढायची आणि मग एकटी ओट्याशी बसायची. त्या दिवशी समोरासमोर बसलो. बाबांनी लोणच्याची बरणी न मागता माझ्याकडे सरकवली.

मग लग्न झालं. उन्हानं सगळे हैराण, कूलर एक आणि पाहुणे पन्नास. मी जळगावला गेले. नव्या घरात नव्या सुनेला कसं असतं ते मी काय सांगू? सगळे चांगले होते, आणि त्यातलं कोणीच माझं नव्हतं. केळीचा भाव बरा असला की सासरे अंगणातूनच हसत येत. भाव पडला की घराचा आवाज बसे. पुरुषांची ताटं उशिरा, मग सासूबाई अर्धपोटी उठणार, आणि त्यांच्यानंतर सगळ्यात शेवटी बसणारी मी. सासूबाई अर्धपोटी उठल्यावर आपण कसं पोटभर जेवायचं? मी भांडी आवरून पाणी पिऊन झोपायची. हे मी कोणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

दिवाळसणाला माहेरी आले. बाबा जरा वाळले होते. घर नीट झाडलेलं, कूलर उचलून वर टाकलेला, उत्तरेची खिडकी मोकळी. काकूंनी ओवाळलं, जावयाला घेऊन त्या खाली चिवडा द्यायला गेल्या, आणि मी सवयीनं खिडकीशी गेले. ओट्यावर आईच्या जबलपूरची रेघ तशीच होती, जरा पुसट. तिला छेद देऊन दुसरी एक रेघ होती. ताजी, ठसठशीत, आणि ट्रान्झिस्टर त्या रेघेवर होता. मी त्याच्याकडे बघत होते तेव्हा बाबा मागून आले. कसं आहे, काय आहे, असलं काही त्यांना आयुष्यात विचारता आलं नाही, तेव्हाही नाही आलं. शर्टाच्या खिशातल्या पेन्सिलीशी चाळा करत म्हणाले,

"गेल्या मंगळवारी केळीचा भाव लय पडला होता ना वं तिकडे. तू जेवली होती का?"

मी म्हटलं, "हव बाबा, जेवले होते." आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण त्या मंगळवारी मी जेवले नव्हते, आणि हे जगात कोणाला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं.

बाबा पुढे पुष्कळ वर्षं त्या दोन खोल्यांत एकटे राहिले. ट्रान्झिस्टर शेवटी कुठे गेला, कोणास ठाऊक.

आज सकाळी तांदळाचा डबा उघडला. फोनला चिकटलेले दाणे झटकले आणि कळ दाबली. बराच वेळ काही नाही, मग उजेड आला. मुलाच्या गावी पाऊस आहे, दिवसभर राहणार म्हणतात. पाऊस असला की तो बाहेर पडत नाही, घरीच खिचडी टाकतो. म्हणजे आज जेवेल.